पानमळ्यात शिरलेल्या बाई

इंगळे बाईंच्या हातचा मार ज्यानं खाल्ला नाही असं पोर आमच्या शाळेत नव्हतं. मीही खाल्ला आहे. त्यांची चापट कानाखाली बसली की डोक्यात पितळी परात पडल्यासारखा आवाज व्हायचा, आणि तो दुपारच्या सुट्टीपर्यंत घुमत राहायचा. अशा माणसाबद्दल लिहिताना वरून कडक आणि आतून मऊ असं म्हणायची पद्धत आहे. मी तसं म्हणणार नाही. बाई आतूनही कडकच होत्या.

मी आमच्या घरातली पहिली बी.ए. माझ्या आधी आमच्याकडे सगळे अंगठेच. हे मी मिरवून सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. आणि त्यात ज्या एक-दोन माणसांचा हात आहे त्यांत बाईंचा हात अगदी शब्दशः आहे.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आमचं गाव संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. शाळा सातवीपर्यंत, मुलंमुली एकत्र. पाचवीत मुलींची अख्खी तरटपट्टी भरायची. सातवीत आम्ही दोघीच उरलो होतो, मी आणि सुभद्रा. बाकीच्या कुठं गेल्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी पहिल्यांदा बाहेर बसली की तिला चौथ्या दिवशी न्हाऊ घालायचे, हिरवं लुगडं नेसवायचे, बायका जमून ओटी भरायच्या, गोडधोड व्हायचं, आणि त्याच गर्दीतली एखादी मावशी जाता जाता स्थळ सांगून जायची. दप्तर त्या दिवशी खुंटीला लागायचं ते कायमचं.

बाई मोताळ्याकडच्या. उंच, काळ्या, हाडापेरानं रुंद. पायात चांभाराकडून मुद्दाम शिवून घेतलेल्या पुरुषी वहाणा, गालात तंबाखू. शाळेमागच्या खोलीत एकट्या राहायच्या. सकाळी शाळा भरायच्या आधी त्या व्हरांड्यासमोर स्वतःची लाकडं फोडायच्या आणि तेवढ्यात आमच्याकडून पाढे म्हणून घ्यायच्या. पाढा बरोबर चालला की कुऱ्हाडही एका लयीत चालायची. चुकला की कुऱ्हाड वरच्या वर थांबायची. ती थांबलेली कुऱ्हाड पाहून मी एकोणतीसचा पाढा शिकले. आजही विसरलेली नाही.

"तोंडानं बोला," त्या म्हणायच्या, "नाईतर मंग माहा हात बोलते."

त्यांच्या नवऱ्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं. गावातल्या एका म्हातारीनं एकदा विचारलं, "काऊन वो बाई, नवऱ्यानं टाकलं का तुमाले?" बाई म्हणाल्या, "मी टाकलं त्याले. उचलून टाकलं, वसरीवरून खाली." म्हातारीनं पुन्हा विचारलं नाही. ते खरं होतं की नव्हतं, मला माहीत नाही.

मुरलीधरची गोष्ट आधी सांगते. मुरलीधर म्हणजे आमच्या पाटलाचा पोरगा, आमच्याच वर्गात. नाल्याकडच्या काटेरी कुंपणात बायका आपली फडकी कुणाला दिसू नयेत अशी वाळत घालायच्या. एके दिवशी यानं त्यातलं एक डागाचं फडकं काठीवर घेतलं आणि मधल्या सुट्टीत आम्हा मुलींच्या मागं लागला. पोट्टे हसून हसून लोळत होते. सुभद्रा धावताना पायरीवर पडली, तिचा ओठ फाटला.

बाई आल्या. काठी हिसकली आणि मुरलीधरच्याच पाठीवर मोडली. मोडली म्हणजे खरंच दोन तुकडे झाले. मग फडकं फेकून देतील असं आम्हाला वाटलं. त्यांनी ते उचललं, बादलीत टाकलं, साबणाची वडी काढून त्याच्या हातात दिली.

"धू."

तो रडायला लागला. पाणी तांबूस झालं तसा ओकला.

"तुही माय दर महिन्याले धुते," बाई म्हणाल्या. "ती वकते का बे? घास नीट."

धुऊन झाल्यावर त्यांनी ते शाळेच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूनं, भर उन्हात पसरायला लावलं. म्हणाल्या, "अंधारात कोंदट वाळवलेलं फडकं बायले रोगानं मारते. याले ऊन पाह्यजे."

संध्याकाळी पाटील आले, सोबत गडी. बाई लाकडं फोडत होत्या.

"माह्या पोराच्या हाती इटाळ देला तुमी," पाटील म्हणाले.

"तो नऊ महिने इटाळातच होता, पाटील," बाई म्हणाल्या. "तवा काई बोलले नाई तुमी."

गडी हसला. पाटलांनी गड्याच्याच मुस्काटात दिली आणि निघून गेले.

त्या दिवसापासून बाईंच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. बाजाराच्या दिवशी त्या कसायाकडे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आमच्या सातवीला समोर बसवून पळसाच्या पानात बांधलेलं काहीतरी टेबलावर सोडलं. बकरीची गर्भपिशवी होती. पानांतून रक्त गळत होतं. माळकरी घरचे दोघे उठून पळायला लागले, बाईंनी कॉलर धरून खाली बसवले. मग विळीवर ती पिशवी उभी चिरली आणि दोन्ही बाजू उलगडून आम्हाला दाखवल्या.

"हे असं तुमच्या मायच्या पोटात आहे. या दोघी पोट्ट्यांच्या पोटात आहे. तुमी सारे इथूनच आले. लेकरू पाहुनं येईन म्हनून ही पिशवी दर महिन्याले आतून सारवून घेते. पाहुनं आलं नाई तर ते सारवण खरडून भाईर टाकते. तेच रक्त. बकरीचं दर महिन्याले होत नाई, बायचं होते, इतकाच फरक. यात कावळा नाई, देव नाई, पाप नाई."

आम्ही दोघी मुली मान खाली घालून बसलो होतो. आमच्या हनुवट्या धरून त्यांनी वर केल्या.

मागून एका पोरानं विचारलं, "बाई, दुखते का मंग?"

बाई त्याच्याजवळ गेल्या, सदरा वर केला आणि पोटाची कातडी चिमटीत धरून पिळली. तो किंचाळेपर्यंत पिळली, आणि नंतरही सोडली नाही.

"इतकं," त्या म्हणाल्या. "चार दिवस."

तो पोरगा त्या दिवशी घरी गेला, गोठ्यात बसलेल्या मायच्या हातून पाण्याची बादली घेतली, आणि आजीची लाथ खाल्ली. दुसऱ्या दिवशी हे त्यानं आम्हाला फुशारकीनं सांगितलं. गावानं मात्र वर्गात गोमूत्र शिंपडलं. आमचे हेडमास्तर भला माणूस, भांडणाला भिणारा. ते म्हणाले, "बाई, हे काही अभ्यासक्रमात नाही हो."

"मार तरी कुठं आहे, सर? तो तर आपन रोज शिकवतो."

आता सुभद्राचं. तिचे वडील पुंजाजीभाऊ, आमचे शेजारी. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत. त्यांचा पानमळा होता. नागवेलीचा मळा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगते, तो देवघरासारखा सांभाळतात. शेवरीच्या झाडांवर वेल चढवलेले, आत भर उन्हातही गारवा आणि अंधार. वहाणा बाहेर काढायच्या, पाय धुवायचे, मग आत. आणि बाहेर बसलेली बाई मळ्याच्या कुंपणालाही शिवायची नाही. तिची सावली पडली तरी वेल मान टाकतो, ही आमच्याकडे सूर्य उगवतो इतकी पक्की गोष्ट.

सुभद्राला सातवीची परीक्षा द्यायची होती. तेव्हा सातवी पास झालेल्या मुलीला मास्तरीण होता यायचं, आणि तिनं पक्कं ठरवलं होतं. गणितात ती आम्हा सगळ्यांच्या पुढं. त्या हिवाळ्यात तिला पाळी आली. ती घरी बोलली नाही. बोलली असती तर हिरवं लुगडं आलं असतं आणि परीक्षा गेली असती. तिनं बाईंना सांगितलं. बाईंनी तिला स्वच्छ फडकी दिली, कशी घ्यायची, कशी धुवायची ते शिकवलं आणि म्हणाल्या, "परीक्षा होईस्तोवर तोंड बंद ठेव." सुभद्रा बाहेर बसलीच नाही. स्वयंपाक केला, देवापुढं दिवा लावला, आणि रोजच्यासारखी पानांच्या टोपल्या आणायला मळ्यातही गेली.

फाल्गुनात मळा सुकायला लागला. पानं पिवळी पडली, वेलाची बुडं काळी होऊन कुजली. अर्धा मळा डोळ्यांदेखत गेला. आणि त्याच आठवड्यात सुभद्राच्या मायला धान्याच्या कणगीमागं फडकं सापडलं.

भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू आलं. पुंजाजीभाऊंनी बैल हाकायची पराणी घेतली होती, टोकाला लोखंडी अणकुची असते ती. सुभद्रा आधी ओरडत होती, मग ओरडायची थांबली आणि फक्त पराणीचा आवाज येत राहिला. माझे बाबा उठले. आईनं त्यांचा हात धरला. बाबांनी हात सोडवून घेतला आणि जाऊन पुंजाजीभाऊंना मागून कवेत आवळून धरलं. तोपर्यंत तिच्या पाठीचं झंपर चिकटून गेलं होतं. त्या दिवशी तिला गोठ्यात टाकलं आणि दोन दिवसांत एका बिजवराशी लग्न ठरवलं.

बाईंना कळलं तशा त्या आल्या. रिकाम्या हातानं आल्या, हे मला विशेष वाटलं.

"पोरीले सोड, पुंजाजीभाऊ. परीक्षा तोंडावर आहे."

"तुमीच शिकवलं तिले लपवाले."

"हाव. मीच शिकवलं."

"माहा मळा मेला, बाई." पुंजाजीभाऊंचा आवाज फाटला होता. राग होताच, पण त्याहून जास्त काहीतरी होतं. "आज्यानं लावलेला मळा. लेकरावानी पोसला."

"रोगानं मेला."

"रोग काऊन आला?"

याचं उत्तर बाईंकडे नव्हतं. त्यांना पानमळ्यातलं काही कळत नव्हतं. उत्तर नसलं की त्यांना राग यायचा, आणि राग आला की त्या पुढचं पाहत नसत.

"मी आज भाईरची आहो," त्या म्हणाल्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा. "तुह्या मळ्याचा जो भाग हिरवा आहे ना, त्यातल्या एकेका वेलाले हात लावतो. नाई मेला तर पोरगी परीक्षेले बसन."

"अन मेला तर?"

"तर मी गाव सोडतो. मंग पोरीचं तू पाह्य."

पुंजाजीभाऊ हो म्हणाले नाहीत. बाई थांबल्याच नाहीत. मळा गावाला लागूनच होता. त्या पुढं, मागं सगळं गाव. वहाणा न काढता त्या कुंपण लोटून आत शिरल्या. दोन्ही हातांनी वेल कुरवाळत एका ओळीतून जायच्या, दुसरीतून यायच्या. पुरुष आधी नुसते बघत राहिले, असं कुणी करील हेच त्यांना खरं वाटत नव्हतं. मग पुंजाजीभाऊंच्या भावानं फावडं उचललं.

पहिला दांडा खांद्यावर बसला. बाई चालत राहिल्या. दुसरा उजव्या हातावर बसला आणि वाळली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो हात लोंबायला लागला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं पुढचा वेल धरला. मग चारपाच जण तुटून पडले. लाथा, वहाणा, काठ्या. चिखलात पाडून त्यांना तुडवलं. लुगडं पाटाच्या पाण्यात भिजून लाल झालं, आणि त्यातलं कोणतं रक्त कुठलं हे आता कुणाला सांगता आलं नसतं. माझे बाबा आणि हेडमास्तर, हो, तेच भांडणाला भिणारे हेडमास्तर, मधे पडले म्हणून त्या जगल्या. हेडमास्तरांचा चष्मा फुटला, भुवई फाटली.

आता या ठिकाणी मळा हिरवागार राहिला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. आठ दिवसांत उरलेला अर्धाही गेला. बाईंनी हात लावलेला एकेक वेल काळा पडून गळाला.

गावाला दुसरा पुरावा नको होता. बाईंच्या खोलीवर दगड पडले, कौलं फुटली. हाड बसवणाऱ्यानं कामट्या बांधलेला हात गळ्यात अडकवून त्या एके सकाळी पेटी घेऊन निघाल्या. मी वाटेत उभी होते. वाटलं, काही बोलतील. त्यांनी डाव्या हातानं माझी वेणी ओढली, चांगली डोळ्यांत पाणी येईल अशी, आणि म्हणाल्या, "भूमिती कच्ची आहे तुही." बस. दिलेला शब्द त्यांनी पाळला, गाव सोडलं. सुभद्राचं काय, हे मी विचारू शकले नाही. रागाच्या भरात त्यांनी जे पणाला लावलं ते त्यांचं नव्हतं, त्या पोरीचं होतं. हे त्यांनाही कळत असणार. त्यांचा चेहरा तसा मी आधी कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर जे झालं ते सुभद्राच्या मायनं केलं. ही बाई मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकली नव्हती. त्या दिवशी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला.

"सोनाजीबुवाचा मळा कवा मेला?"

सोनाजीबुवा म्हणजे गोसावी. वरच्या अंगाला त्यांचा मळा, त्याच पाटावर पुंजाजीभाऊंच्या आधी पाणी घेणारा. बुवा ब्रह्मचारी, त्यांच्या मळ्यात बाईमाणसाला जन्मात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

"आपल्या आधी मेला," मायच म्हणाली. "त्याच्या मळ्यात कोन भाईरची गेली होती? त्याच्या मळ्याचं पानी पाटानं आपल्या मळ्यात येते. पोरीचं रक्त काई त्याच्या मळ्यात चढून गेलं नाई."

मग एक आवाज झाला आणि ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी पाण्याला आली तेव्हा तिचा एक डोळा बंद होता. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, पोरीले घेऊन जळगावले बहिणीकडे जातो, लग्नाचं लुगडं घ्याचं आहे. लग्नाचं नाव काढल्यावर पुंजाजीभाऊंनी जाऊ दिलं.

जळगाव जामोदला परीक्षेच्या फाटकाशी बाई उभ्या होत्या. गळ्यात हात, चेहऱ्यावर अजून निळं-पिवळं. गाव सोडल्यापासून त्या तिथंच एका ओळखीच्या घरी राहिल्या होत्या. कुणाची वाट पाहत होत्या ते सांगायला नको. सुभद्राला त्यांनी डाव्या हातानं आत ढकललं. तिच्या मायच्या सुजल्या डोळ्याकडं मात्र बराच वेळ बघत राहिल्या.

शेवटच्या पेपरला पुंजाजीभाऊ आले. कुणीतरी सांगितलं असणार. माझी जागा खिडकीशी होती, फाटक समोर दिसत होतं. हातात पराणी. बाईंनी फाटकाची कडी लावली आणि कडीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"सरका, बाई."

"नाई."

त्यांनी पराणी उगारली. सुभद्रा माझ्या पुढं बसली होती. तिनं एकदाच मान वळवली आणि परत कागदावर घातली. तिचा टाक थांबला नाही.

"मार," बाई म्हणाल्या. "पन पेपर सुटेस्तोवर मारत राह्य. मधात थांबू नको."

एक फटका पडला. बांधलेल्या हातावरच पडला. बाईंनी डावा हात मागं नेऊन कडी घट्ट धरली. दुसरा फटका मी डोळे मिटले म्हणून पाहिला नाही. डोळे उघडले तेव्हा सुभद्राच्या मायनं पराणीचं टोक मुठीत धरलं होतं. अणकुची तिच्या तळव्यात शिरली होती, मनगटावरून रक्त ओघळत होतं, आणि ती सोडत नव्हती. पुंजाजीभाऊंनी ओढून पाहिली. मग ते आपल्या बायकोच्या हाताकडं बघत मटकन खाली बसले. घंटा होईपर्यंत ते तिघं तसेच होते.

घंटा झाली तशी माय म्हणाली, "बाई, घेऊन जा इले. माह्या घरी राह्यली तर लगन होईन इचं."

सुभद्रा पास झाली, पुढं मोताळ्याकडं मास्तरीण झाली, हे मला नंतर कळलं. मीही पुढं शिकले. बाईंना मात्र त्या दिवसानंतर मी पाहिलं नाही.

शेवटचं पाहिलं ते नांदुऱ्याच्या एस.टी.त, फाट्यापर्यंत मीही त्याच गाडीत होते. गाडी सुरू झाल्यावर पुंजाजीभाऊंना पुन्हा जोर आला आणि ते धावत येऊन खिडकीच्या गजाला लोंबकळले. बाईंच्या मांडीवर पाण्यानं भरलेला पितळी तांब्या होता. त्यांनी डाव्या हातानं तो उचलला आणि त्याच्या बुडानं गजावरची बोटं ठेचली. एकदा, दोनदा, पाणी अंगावर सांडत होतं, पुंजाजीभाऊ सोडेपर्यंत. गाडी वळणाला लागली. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. तो दिवस सुभद्राचा बाहेरचा होता, हे वर्गात मला तिनंच सांगितलं होतं. बाईंनी तांब्या तिच्यापुढं धरला. ती वरून ओतून घ्यायला ओंजळ पुढं करू लागली, तशी बाईंनी ती ओंजळ फटकन खाली पाडली आणि तांब्या तिच्या ओठांना लावला. ती प्यायली. मग उरलेलं पाणी, त्याच काठाला तोंड लावून, बाई प्यायल्या.